मूल जिथं, ताट तिथं

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याच्या पाचव्या कलमानं सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या प्रत्येक मुलाला वयाला साजेसा आहार विनामूल्य मिळण्याचा हक्क दिला, आणि हा आहार स्थानिक अंगणवाडीमार्फत मिळेल असंही तिथंच सांगून टाकलं. म्हणजे हक्क मुलाचा, पण तो पदरात पडणार अंगणवाडीच्या दारात. ज्याची आई घरी असते किंवा आजी दोन घरं पलीकडे राहते, त्या मुलाचं यात काही अडत नाही. पण ज्याची आई सकाळी सात-साडेसातला धुण्याभांड्याला, बांधकामावर नाहीतर कंपनीत पॅकिंगला जाते आणि दिवेलागणीला परतते, ते मूल अंगणवाडीच्या वेळेत अंगणवाडीत नसतं. ते पाळणाघरात असतं. वस्तीतल्या एका खोलीत, पंधरा-वीस मुलांमध्ये, एखाद्या मावशीच्या नजरेखाली.

त्या मावशीनं काय करावं अशी अपेक्षा आहे? दोन तान्ही पाळण्यात, एकाला ताप, आणि बाकीच्यांना रांगेनं रस्ता ओलांडून अंगणवाडीत न्यायचं, खिचडी खाऊन होईपर्यंत थांबायचं, परत आणायचं? हे होत नाही. मुलाचं नाव अंगणवाडीच्या पटावर असतं. तीन वर्षांखालचं असेल तर त्याच्या नावचा घरपोच आहार घरी जातो आणि घरातल्या सगळ्यांत वाटला जातो. दिवसभराचा भार मात्र आईनं दिलेल्या डब्यावर. त्या डब्यात पोळी असते, कधी साखर लावून गुंडाळलेली, कधी नुसती चहात बुडवायची. उन्हाळ्यात वरणभात दुपारपर्यंत आंबतो म्हणून आया तो देतच नाहीत. बिस्किटाचा पुडा सोयीचा पडतो. त्या आईला दोष देण्याचं धाडस कुणी करू नये. पहाटे साडेचारला नळाला पाणी येतं तिथून तिचा दिवस सुरू होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. सरकारी आहाराचा खर्च मुलाच्या मागं मागं गेला पाहिजे. मूल दिवसाचे आठ-दहा तास जिथं काढतं, तिथं त्याच्या ताटाचे पैसे पोचले पाहिजेत. ते पाळणाघर एखाद्या संस्थेचं असो, बांधकामाच्या साइटवरचं असो, किंवा एखाद्या बाईनं आपल्या पोटापाण्यासाठी चालवलेलं असो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत ती पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे. तिथं काय जमलं आणि काय फसलं हे तपशिलात पाहण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे ही वाट काढायची तर तेच खाचखळगे आपल्याही पायाखाली येणार आहेत. शिवाय न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात घरगुती डेकेअर चालवणाऱ्या मराठी बायकांना ही योजना आजच लागू आहे, आणि आपण सरकारी मदतीत बसतो हे त्यांतल्या अनेकींच्या मनातही येत नाही.

योजनेचं नाव चाइल्ड अँड अडल्ट केअर फूड प्रोग्रॅम. १९६८ साली तीन वर्षांचा प्रयोग म्हणून ती सुरू झाली. शाळेतल्या मुलांना दुपारचं जेवण मिळत होतं, पण शाळेआधीच्या वयाची, नोकरी करणाऱ्या आयांची मुलं त्यातून सुटत होती. ती उणीव भरून काढण्यासाठी हा प्रयोग होता. १९७५ मध्ये उन्हाळी सुटीतल्या जेवणाची योजना तिच्यातून वेगळी झाली, १९७८ मध्ये ती कायमची झाली, आणि वृद्धांच्या दिवसभराच्या केंद्रांचाही समावेश झाल्यावर १९८९ मध्ये आजचं नाव मिळालं. पैसा केंद्राच्या कृषी खात्याचा, कारभार राज्यांचा. न्यू जर्सी आणि टेक्सासमध्ये राज्याचं कृषी खातं ती चालवतं, कॅलिफोर्नियात समाजकल्याण खातं, बऱ्याच राज्यांत शिक्षण खातं.

सामील कोण होऊ शकतं? सरकारी केंद्रं आणि ना-नफा संस्थांची केंद्रं होऊ शकतात, यात नवल नाही. नफ्यासाठी चालणारं पाळणाघरही होऊ शकतं. अट एवढीच की त्याच्या पटावरची किंवा परवान्यातल्या क्षमतेपैकी किमान २५ टक्के मुलं कमी उत्पन्नाच्या घरांतली किंवा सरकारी मदतीवर राहणारी असावीत. मला हा या योजनेतला सगळ्यात शहाणा नियम वाटतो. मालक कोण, हा प्रश्न त्यानं मागं ठेवला आणि ताटासमोर कोण बसलं आहे, हा पुढं आणला. आपल्याकडे 'खासगी पाळणाघराला सरकारी पैसा कशाला?' असं विचारणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही.

घरात सहा-आठ मुलं सांभाळणाऱ्या बाईला मात्र थेट राज्याकडे जाता येत नाही. तिला एका प्रायोजक संस्थेमार्फत यावं लागतं. ही संस्था तिला शिकवते, तिचे कागद तपासते, तिचा दावा राज्याकडे पाठवते आणि आलेले पैसे तिला देते. वर्षातून तीनदा तिच्या घरी भेट देणं संस्थेवर बंधनकारक आहे. त्यांतल्या दोन भेटी न सांगता, आणि निदान एक तरी मुलं जेवत असताना. घरगुती डेकेअर काढू पाहणाऱ्या बाईनं पहिला फोन करायचा तो राज्याच्या खात्याला, आणि आपल्या भागात कोणत्या प्रायोजक संस्था आहेत एवढंच विचारायचं. तिथून पुढचं काम ती संस्था करते. मोठं केंद्र असेल तर ते स्वतंत्रपणे अर्ज करू शकतं. त्याला परवाना दाखवावा लागतो, आर्थिक बाजू धड आहे, कारभार सांभाळण्याची कुवत आहे आणि हिशेब देण्याची तयारी आहे हे कागदांनिशी पटवून द्यावं लागतं, अपात्र ठरलेल्यांच्या राष्ट्रीय यादीत आपलं किंवा चालकांचं नाव नाही हे तपासून घ्यावं लागतं. मान्यतेआधी पाहणी होते. प्रशिक्षण होतं. मग करार.

त्यानंतर रोजचं काम सुरू होतं, आणि खरी कसोटी तिथं आहे. कोणतं मूल कोणत्या जेवणाला हजर होतं याची नोंद जेवण वाढताना करायची, संध्याकाळी आठवून नाही. रोजचा मेनू लिहून ठेवायचा, किराण्याच्या पावत्या जपायच्या. पालकांकडून दरवर्षी नावनोंदणीचे आणि उत्पन्नाचे अर्ज भरून घ्यायचे. महिना संपल्यावर ६० दिवसांच्या आत दावा दाखल करायचा, नाहीतर त्या महिन्याचे पैसे बुडाले म्हणून समजा. कागद तीन वर्षं जपून ठेवायचे. एका मुलामागं दिवसाला दोन जेवणं आणि एक खाऊ, किंवा एक जेवण आणि दोन खाऊ, एवढ्याचेच पैसे मिळतात. जुलै २०२४ ते जून २०२५ या वर्षात सगळ्यात कमी उत्पन्नाच्या गटातल्या मुलाच्या दुपारच्या जेवणाला केंद्राला ४.४३ डॉलर मिळत होते, आणि ऐपतवान घरातल्या मुलाच्या जेवणाला फक्त ०.४२ डॉलर. हे दर दरवर्षी १ जुलैला महागाईप्रमाणे बदलतात. बदलतातच. त्यासाठी कुणाला मोर्चा काढावा लागत नाही.

ताटात काय असावं तेही ठरलेलं आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलाच्या दुपारच्या जेवणात पाऊण कप दूध, पाव कप भाजी, पाव कप फळ, धान्याचा एक पदार्थ, आणि दीड औंस मांस किंवा त्याच्या जागी अंडं, चीज, दही, शिजवलेली कडधान्यं. २०१७ च्या ऑक्टोबरपासून नियम आणखी कडक झाले. केंद्रात तळलेलं चालत नाही, फळाचा रस दिवसातून एकदाच, दिवसातला एक तरी पदार्थ अख्ख्या धान्याचा. मराठी घरातल्या डेकेअरला यात अडण्यासारखं काहीच नाही. मुगाची घट्ट डाळ, चवळीची उसळ, गव्हाची पोळी, गाजराची कोशिंबीर, केळं आणि दूध हे सगळं या चौकटीत बसतं. मोजणी मात्र शिजलेल्या डाळीची होते, पातळ वरणातल्या पाण्याची नाही. जे जेवण आपण आपल्या नातवंडांना घालतो तेच घालून त्याचे पैसे मागायचे आहेत. त्यासाठी मुलांना मॅकरोनी शिजवून घालायची गरज नाही.

आता फसलं कुठं ते पाहू.

पहिली गोष्ट, पैसे नंतर मिळतात. आधी किराणा भरा, शिजवा, वाढा, महिना संपू द्या, दावा करा, मग रक्कम येईल. मोठ्या संस्थेला हे पेलतं. जिच्या हातात महिनाअखेरीला काही उरत नाही अशा बाईला पहिले दोन महिने ओढून नेणंच कठीण. आगाऊ रक्कम देण्याची मुभा राज्यांना आहे, पण ती मुभाच आहे, सक्ती नाही. दुसरी गोष्ट उत्पन्नाच्या अर्जांची. पालक आपली कमाई शेजारच्या बाईला लिहून द्यायला कचरतात. परदेशातून आलेले तर जास्तच. अर्ज भरलाच नाही तर केंद्रात ते मूल सगळ्यात वरच्या गटात धरलं जातं आणि ४.४३ डॉलरच्या जागी ०.४२ डॉलर मिळतात. गरीब वस्तीतल्या पाळणाघराचा तोटा नेमका इथं होतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. १९९६ च्या कल्याणकारी योजनांच्या कपातीत घरगुती डेकेअरचे दोन स्तर पाडले गेले. गरीब वस्तीतल्या किंवा स्वतः गरीब असलेल्या बाईच्या घराला पहिल्या स्तराचा दर, बाकीच्यांना दुसऱ्या स्तराचा, तो बराच कमी. पैसा गरजूंकडे वळवायचा हा हेतू वाईट नव्हता. पण शहरी सीमारेषेवर, मिश्र वस्तीत राहणाऱ्या अनेकींना इतक्या कमी पैशांसाठी इतके कागद करणं परवडेना. पुढच्या वर्षांत या योजनेतल्या घरगुती डेकेअरची संख्या घटत गेली. दर हे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही, घरगुती डेकेअर एकूणच कमी होत होती. पण मदत फार बारीक चाळणीनं चाळायला गेलं की पीठही चाळणीतच अडकतं. मिश्र वस्तीत गरीब मुलं नसतात असं थोडंच आहे?

याच तरतुदीतला एक चांगला भाग मात्र जसाच्या तसा घेण्यासारखा आहे. एखाद्या भागातल्या शाळेतली निम्मी मुलं मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असतील, तर त्या भागातलं घरगुती डेकेअर आपोआप पहिल्या स्तरात येतं. प्रत्येक आईकडून दाखला मागायचा नाही. वस्ती पाहायची.

आणि भ्रष्टाचार. त्याबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. मिनेसोटा राज्यात 'फीडिंग अवर फ्यूचर' नावाची एक प्रायोजक संस्था होती. तिच्या नावावर आणि तिच्या केंद्रांच्या नावावर, कधी न वाढलेल्या कोट्यवधी जेवणांचे दावे दाखल झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये ४७ जणांवर आरोप ठेवले गेले. रक्कम २५ कोटी डॉलरच्या घरातली. पुढं आरोपींची संख्या सत्तरच्या वर गेली आणि मार्च २०२५ मध्ये संस्थेच्या प्रमुखाला ज्युरीनं दोषी ठरवलं. कोरोनाच्या साथीच्या काळात मुलांना उपाशी राहावं लागू नये म्हणून नियम सैल केले होते, समोर बसून जेवण्याची अट उठली होती, भेटी कमी झाल्या होत्या. त्याच फटीतून हे घडलं. जे लोक हे उदाहरण दाखवून 'म्हणून योजनाच नको' म्हणतात त्यांचं मला पटत नाही. कागद तिथं भरपूर होते, हजारो मुलांच्या याद्या होत्या. जेवणाच्या वेळी दारात जाऊन उभं राहणारं माणूस नव्हतं. कागद वाढवून चोरी थांबत नाही, न सांगता दिलेल्या भेटीनं थांबते.

आता आपल्याकडे येऊ.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सकाळचा नाश्ता आणि गरम ताजा आहार, त्याखालच्या मुलांना घरपोच आहार, वर्षाला ३०० दिवस. २०२३ मध्ये निकष बदलेपर्यंत दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं हे उद्दिष्ट होतं, तीव्र कुपोषित मुलाला ८०० कॅलरी. २०१७ साली ठरलेला दर एका मुलामागं दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित मुलामागं १२ रुपये. आठ रुपयांत काय येतं हे बाजारात जाणाऱ्या कुणालाही सांगायला नको. तरीही त्या आठ रुपयांमागं धान्य, बचत गटाची चूल आणि सेविकेची वर्षानुवर्षांची मेहनत उभी आहे, आणि त्यातून लाखो मुलं जेवतात. मला अंगणवाडीची जागा कुणाला द्यायची नाही. पाळणाघरातल्या मुलापर्यंत तिचा हात पोचावा एवढंच मागणं आहे.

पाळणाघरांसाठी वेगळी योजना होती आणि आहेही. २००६ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना सुरू झाली. एके काळी देशभरात वीस हजारांहून जास्त पाळणाघरं तिच्यावर चालत. २०१७ मध्ये ती राज्यांकडे सोपवली गेली आणि खर्चाची वाटणी ६०:३०:१० अशी ठरली. केंद्राचे साठ, राज्याचे तीस, संस्थेचे दहा. त्याआधी नव्वद टक्के केंद्र देत होतं. राज्यांनी आपला वाटा टाकायला उशीर केला, काहींनी टाकलाच नाही, आणि काही वर्षांत चालू पाळणाघरांची संख्या सात हजारांच्या आत आली. २०२२ पासून 'मिशन शक्ती'खाली 'पाळणा' नावाची योजना आहे, तिच्यात अंगणवाडीलाच जोडलेली पाळणाघरं काढायची आहेत, देशभरात १७ हजारांचं लक्ष्य आहे. ती मनापासून वाढावी. पण ती नवं पाळणाघर उभं करते, अख्खं. आधीपासून चाललेल्या, मुलांनी भरलेल्या, फक्त जेवणापाशी अडलेल्या पाळणाघराला तिच्यात वाट नाही. पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत जी खरी पाळणाघरं आहेत त्यांतली कितीतरी कुठल्याच दप्तरात नोंदलेली नाहीत. म्हणजे मूल आहे, हक्क आहे, भूक आहे, चूलसुद्धा आहे, फक्त खर्चाचं शीर्ष नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी आणि २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानानं रोड आढळली. दर चार मुलांत एक रोड. आपल्या राज्याच्या श्रीमंतीशी हे आकडे जुळत नाहीत. लहान मुलाचं पोट त्याच्या मुठीएवढं. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खायला लागतं. त्यातल्या तीन-चार वेळा ते पाळणाघरात असतं. मग उरलेल्या दोन वेळांच्या आधारावर कुपोषणाशी लढाई कशी जिंकणार?

मूल जिथं आहे तिथं आपण जायचं, हा विचार आपल्याच मातीत रुजलेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं तेव्हा मुलं शाळेत येत नव्हती. गुरं राखायला कुरणात जात होती. त्यांनी मुलांना बोल लावला नाही, शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. लहानग्यांचं शिक्षण त्यांनी पाड्यावरच्या अंगणात भरवलं. पुढं देशभर गेलेल्या अंगणवाडीची बीजं त्यात होती. त्या बायांनी केलेलं काम आणि आजचा 'मुलाला घेऊन अंगणवाडीत या, नाहीतर आहार नाही' हा खाक्या, या दोन्हींत मोठं अंतर पडलं आहे.

बांधकामाच्या साइटवर तर हे अंतर डोळ्यांत भरतं. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी मजुरांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेसचं काम सुरू केलं. मुंबईत आणि पुण्यात त्याच धर्तीवरच्या संस्था आज साइटवरच्या मुलांना सांभाळतात, शिकवतात, जेवू घालतात. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं पन्नासहून जास्त महिला कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं होतं, आणि बांधकामाच्या खर्चाच्या एक टक्का उपकरही त्याच व्यवस्थेतून गोळा होत आला. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. तरी साइटवरच्या मुलाच्या ताटाचा खर्च बिल्डरच्या मर्जीवर आणि देणगीदारांच्या चांगुलपणावर चालतो. त्या मुलाला अंगणवाडीचा हक्क नाही का? आहे. त्याचं गाव नांदेडमध्ये किंवा कर्नाटकात कुठं तरी, नाव तिथल्या पटावर. ऊसतोडीला बीडहून निघालेल्या कुटुंबांच्या मुलांचंही असंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोयता निघतो तो गळीत हंगाम संपेपर्यंत परत येत नाही. पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या सरकारी मोबाइल अॅपवर आता स्थलांतरित लाभार्थीचं नाव दुसऱ्या अंगणवाडीत हलवण्याची सोय आहे. नाव हलवता येतं, तर ताटही हलवता आलं पाहिजे.

कायदा आडवा येतो का? माझ्या वाचनात येत नाही. आहार अंगणवाडीमार्फत द्यायचा आहे. मुलानं अंगणवाडीच्या खोलीतच बसून खाल्लं पाहिजे असं कलम म्हणत नाही. अंगणवाडीनं जवळच्या पाळणाघराला आपलं जोडकेंद्र करून घेतलं, मुलं आपल्या पटावर ठेवली आणि आहार तिथं पोचवला किंवा तिथं शिजवून घेऊन त्याचं बिल भागवलं, तर ते अंगणवाडीमार्फतच झालं. शिवाय त्याच कायद्याचं आठवं कलम सांगतं की ठरलेला आहार देता आला नाही तर राज्यानं अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा. जे मूल रोज पाळणाघरात असल्यामुळं आहाराला मुकतं, त्याच्या बाबतीत हे कलम कुणी लावून पाहिलं पाहिजे.

अंगणवाडी सेविकांच्या मनात येणारी भीती मला समजते. मानधनासाठी, निवृत्तीवेतनासाठी त्यांना वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरावं लागलं आहे. आता खासगी पाळणाघरांना आहाराचे पैसे देणार म्हणजे हळूहळू अंगणवाड्या बंद करणार, असा त्यांचा संशय असेल तर तो बिनबुडाचा नाही. म्हणून जोडकेंद्राचा कारभार सेविकेच्याच हातात हवा. तिची पाहणी, तिची सही, आणि त्या कामाचं वेगळं मानधन. आणखी एक काम मोबाइलवर ढकलून चालणार नाही. अंगणवाडीच्या तरतुदीतला पैसाही वळवायचा नाही, पाळणाघरासाठी वेगळा पैसा हवा.

दुसरी भीती ठेकेदारांची. ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं या आहाराच्या पुरवठ्यात ठेकेदार नकोत असं स्पष्ट सांगितलं. तरी पाकीटबंद आहाराचे मोठे पुरवठादार कुठल्या ना कुठल्या दारानं आत येत राहिले. पाळणाघरांची योजना आली की 'हजार पाळणाघरांना आम्ही एकाच स्वयंपाकघरातून पुरवतो' असा प्रस्ताव घेऊन कुणी तरी उभं राहील. त्याला नाही म्हणायचं. अंगणवाडीला शिजवून देणारा बचत गटच पाळणाघरालाही देईल, किंवा पाळणाघरातच शिजेल. मुलाला गरम मऊ भात हवा आहे, भेंडीची भाजी हवी आहे, उकडलेलं अंडं हवं आहे. पाकीट नको.

अमेरिकेच्या अनुभवातून घ्यायचं ते असं. उत्पन्नाचा दाखला कुणाकडूनही मागायचा नाही. तहसील कचेरीत दोन खेपा घालायच्या म्हणजे त्या आईची दोन दिवसांची मजुरी जाते. घोषित झोपडपट्टी, बांधकामाची साइट, ऊसतोड मजुरांचा तळ, वीटभट्टी, या ठिकाणचं पाळणाघर असलं की त्यातलं प्रत्येक मूल पात्र. मिश्र वस्तीत पावपट मुलं गरजू असली तरी पुरे. पहिल्या महिन्याची रक्कम आगाऊ. त्यापुढचं बिल ठरलेल्या तारखेला, कारण बचत गटांची बिलं महिनोन् महिने थकतात हे खेड्यापाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे आणि उधारीवर चालणाऱ्या चुलीत डाळ पातळ होत जाते. दर महागाईशी बांधलेला. नोंदवही एकच, जेवण वाढताना भरायची. आणि न सांगता भेट, जेवणाच्या वेळेला, पर्यवेक्षिकेची आणि आयांच्या समितीतल्या एकीची. आपल्या पोराच्या ताटात काय पडतं हे आईइतकं बारकाईनं कुणी पाहणार नाही.

पाळणाघर चालवणाऱ्यांनी योजनेची वाट पाहत बसू नये. आजपासून हजेरी लिहावी, रोज काय खायला दिलं ते लिहावं, किराण्याच्या पावत्या एका फाइलला लावाव्यात, मुलांची वजनं जवळच्या सेविकेकडून महिन्याला करून घ्यावीत. मग चार-पाच जणींनी मिळून मुलांची यादी घेऊन बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे जावं आणि लेखी मागावं: ही मुलं तुमच्या पटावर घ्या, यांचा आहार आमच्याकडे पोचवा. नकार मिळाला तर तोही लेखी मागावा. असे नकार जमले की नगरसेवकापुढं, आमदारापुढं आणि गरज पडली तर न्यायालयापुढं ठेवायला काहीतरी हातात असतं.

आणि खर्च? २५ मुलांचं एक पाळणाघर धरा. २०१७ साली ठरलेल्या आठ रुपयांच्या दरानं दिवसाला २०० रुपये, ३०० दिवसांचे ६०,००० रुपये. दर वाढवून वीस रुपये केला, जो करायलाच हवा, तर वर्षाला दीड लाख. एखाद्या मोठ्या महापालिकेनं शंभर पाळणाघरांपासून सुरुवात केली तर अडीच हजार मुलांच्या जेवणाचा वर्षाचा खर्च दीड कोटी रुपये होतो. अंदाजपत्रकात एवढी ओळ घालण्यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. स्थायी समितीच्या येत्या बैठकीत ही मागणी मांडता येईल.